लहान मूल गंभीर आजारी असताना कुटुंबाला आधार कसा द्यावा?

भावाची चार वर्षांची मुलगी आयसीयूमध्ये आहे, किंवा शेजारच्या घरातल्या लहानग्याला रक्ताचा कॅन्सर असल्याचे निदान झाले आहे, असा फोन येतो तेव्हा पहिला विचार मनात येतो तो लगेच निघण्याचा. दुसरा प्रश्न असतो, तिथे जाऊन करणार काय? आजारी मुलाचे नातेवाईक दवाखान्यात येऊन मला हाच प्रश्न विचारतात. "डॉक्टर, उपचार तर मोठ्या हॉस्पिटलमध्ये चालू आहेत. आम्ही काय करू?"

करण्यासारखे पुष्कळ असते. मुलावर उपचार करणे हे डॉक्टर-नर्सचे काम आहे. मात्र त्या मुलाचे आई-वडील उभे राहावेत, जेवावेत, झोपावेत आणि घरचे बाकीचे गाडे चालू राहावे, हे नातेवाईक, मित्र आणि शेजारी यांच्याच हातात असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आई-वडिलांची अवस्था समजून घ्या

लहान मुलांच्या आयसीयूबाहेर बसलेल्या आई-वडिलांना सहसा सलग झोप मिळत नाही. जेवणाची वेळ राहत नाही. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा भेटून माहिती देतात, आणि त्या पाच-दहा मिनिटांत सांगितलेले निम्मे डोक्यात शिरत नाही. मॉनिटरचा आवाज वाढला तरी छातीत धस्स होते. प्रत्यक्षात मॉनिटरचा प्रत्येक अलार्म धोक्याचा नसतो. बाळाने हात हलवला किंवा बोटाला लावलेली क्लिप सरकली तरी तो वाजतो.

अशा वेळी माणूस चिडतो, गप्प होतो, फोन उचलत नाही, साध्या प्रश्नावर रडतो. तो राग तुमच्यावर नसतो, म्हणून मनाला लावून घेऊ नका. आई आणि वडील दोघे एकाच पद्धतीने दुःख व्यक्त करतील असेही नाही. वडील सतत बिलांच्या आणि औषधांच्या मागे धावत असतील, तर त्यांना काही वाटत नाही असा अर्थ काढू नका.

'काही लागलं तर सांगा' याऐवजी एक काम उचला

हे वाक्य आपण सगळेच मनापासून म्हणतो. पण त्यामुळे काय लागेल याचा विचार करणे, कोणाला सांगायचे ते ठरवणे आणि संकोच बाजूला ठेवून मागणे, ही तिन्ही कामे आई-वडिलांवर पडतात. बहुतेक जण मागतच नाहीत. म्हणून काम ठरवून, नेमक्या शब्दांत सांगा: "वहिनी, रोज रात्री आठला दोघांचा डबा मी गेटवर आणून देईन." "दादा, मोठ्याला शाळेत सोडणे-आणणे या महिन्यात माझ्याकडे." नको असेल तर ते नाही म्हणतील. हो-नाही म्हणणे त्यांना मागण्यापेक्षा सोपे जाते.

उचलता येतील अशी कामे:

• रोजचा डबा. साधे, ताजे जेवण: पोळी-भाजी, वरण-भात. वेळ चुकली तरी टिकावे म्हणून सोबत दशम्या किंवा थालीपीठ. डब्यावर नाव लिहा. डबा परत द्यायची घाई करू नका.
• आईला किंवा वडिलांना दोन तास सोडवणे, म्हणजे त्यांना अंघोळ करून, जेवून, पडून घेता येईल. तेवढा वेळ तुम्ही आयसीयूबाहेर बसा, आणि डॉक्टरांनी बोलावले तर लगेच फोन करा.
• कपडे धुऊन आणणे, मोबाइलचा चार्जर, चादर, पाण्याची बाटली, चप्पल पोहोचवणे.
• घराची किल्ली सांभाळणे, दूध-पेपर बंद करणे, वीजबिल भरणे. गावाकडे असेल तर गुरांचे चारा-पाणी आणि शेतातील अडलेले काम.
• डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका वहीत लिहिणे. आई-वडिलांची हरकत नसेल आणि हॉस्पिटलने परवानगी दिली तर माहिती देण्याच्या वेळी सोबत थांबा.
• आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्यांच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात ना, हे पाहणे.

जेवढे निभावता येईल तेवढेच काम घ्या. दोन दिवसांनी बंद पडणाऱ्या रोजच्या डब्यापेक्षा आठवड्यातून दोनदा नक्की येणारा डबा जास्त उपयोगाचा.

निरोप देणारी एकच व्यक्ती ठरवा

पन्नास जणांचे फोन घेऊन तेच ते सांगत राहणे आई-वडिलांना फार थकवते. आई-वडिलांनी निवडलेली एक व्यक्ती, काका, मावशी किंवा जवळचा मित्र, रोज संध्याकाळी एकदा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर थोडक्यात माहिती टाकेल असे ठरवा. किती सांगायचे हे आई-वडील ठरवतील. बाकीच्यांनी त्याच व्यक्तीला विचारावे.

तुम्हाला निरोप पाठवावासा वाटला तर जरूर पाठवा, आणि शेवटी लिहा: "उत्तर देऊ नकोस, फक्त आठवण काढली." नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो काढू नका आणि आई-वडिलांच्या परवानगीशिवाय कुठेही पाठवू नका.

भेटायला जावे का?

आधी विचारा आणि 'आज नको' हे उत्तर मान्य करा. आयसीयूमध्ये बहुधा एकाच पालकाला आत सोडतात. तुम्ही बाहेर बसलात तरी ती भेटच असते. गेल्यावर या गोष्टी पाळा:

• सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे येणे किंवा अंगावर पुरळ असेल तर जाऊ नका. घरात कोणाला कांजिण्या झाल्या असतील तरीही जाऊ नका. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात.
• आत जाताना आणि बाहेर येताना साबणाने हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा.
• फुले, मऊ खेळणी किंवा फळे नर्सला विचारल्याशिवाय आत नेऊ नका. लहान मुलांना सोबत नेऊ नका.
• बाळाला झोपेचे औषध दिलेले असले तरी बोलायला हरकत नाही. त्याला ऐकू येत असण्याची शक्यता असते. आईचा-आजीचा ओळखीचा आवाज, नेहमीचे अंगाईगीत चालते. हात धरायचा असेल तर कुठे धरायचा ते नर्सला विचारा.
• पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आई-वडिलांना तुमचा पाहुणचार करावा लागू नये.

विचारल्याशिवाय बाळाच्या तोंडात काहीही देऊ नका

प्रेमापोटी सर्वांत मोठी चूक इथे होते. भूल देण्यापूर्वी मुलाला उपाशी ठेवतात. साधारणपणे घन अन्न आणि वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. "रडतंय, एक बिस्किट देऊ" म्हणून दिलेले बिस्किट भूल देताना उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते, नाहीतर तपासणी पुढे ढकलावी लागते. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारात पाणीसुद्धा मोजून द्यावे लागते.

काढा, भस्म, घुटी, जडीबुटी किंवा कोणी सांगितलेले 'प्लेटलेट वाढवणारे' रस डॉक्टरांना न सांगता देऊ नका. काही पदार्थ चालू औषधांवर परिणाम करतात, काही यकृताला त्रास देतात. आधीच काही दिले गेले असेल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीपेक्षा बाळाच्या उपचारासाठी ती माहिती महत्त्वाची आहे.

अंगारा, दोरा, प्रार्थना यांतून कुटुंबाला धीर मिळत असेल तर वाद घालू नका. मात्र अंगारा जखमेजवळ, नळीजवळ किंवा तोंडात जाऊ नये, आणि दोरा सलाईनच्या हाताला नको, एवढे पाहा. त्यासाठी उपचार थांबवणे मात्र कधीही योग्य नाही.

काय बोलावे, काय टाळावे?

या वाक्यांनी आई-वडील दुखावले जातात:

• "आधीच का नाही दाखवलंत?" बऱ्याच गंभीर आजारांची सुरुवात साध्या ताप-सर्दीसारखीच असते. आज तो प्रश्न विचारून हाती काही लागत नाही.
• "गरोदरपणात काही खाल्लं असेल", "नजर लागली", "आईचं लक्ष नव्हतं". आईला दोष देणारे एकही वाक्य नको. घरातील ज्येष्ठ असे बोलत असतील तर त्यांना बाजूला घेऊन समजवा.
• "आमच्या ओळखीत एकाला हेच झालं होतं..." आणि पुढे वाईट शेवट.
• "हे हॉस्पिटल सोडा, त्या डॉक्टरांकडे न्या." दुसरे मत घेणे हा पालकांचा हक्क आहे, आणि रिपोर्ट घेऊन ते घेता येते. पण अस्थिर मुलाला हलवण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.
• "काही होत नाही, बरा होणारच." तुम्हाला ते माहीत नसते, आणि आई-वडिलांना ते जाणवते.

त्याऐवजी साधे बोला. "काय बोलावं सुचत नाही, पण मी इथे आहे." "तुम्ही दोघे खूप करताय." "आज तिच्याबद्दल काय सांगितलं डॉक्टरांनी? सांगावंसं वाटलं तरच सांगा." मुलाचे नाव घेऊन बोला. त्याच्या आवडीच्या गाण्याबद्दल, खोड्यांबद्दल बोलले तर पालकांना बहुधा बरे वाटते. आणि गप्प बसता येत असेल तर तेही पुरते.

रक्त आणि प्लेटलेट लागल्यास

रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांनी किमान ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. मशीनवर फक्त प्लेटलेट देण्याचे नियम थोडे वेगळे असतात, ते रक्तपेढी सांगेल. अ‍ॅस्पिरिनची गोळी गेल्या तीन दिवसांत घेतली असेल तर तिथे सांगा.

प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. त्यामुळे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी धावत जाऊन उपयोग नाही. एकाने दात्यांची यादी करावी: नाव, रक्तगट, फोन, शेवटचे रक्तदान कधी. रक्तपेढी सांगेल तसे एकेकाला बोलवावे. फोनवर संदेश फिरवताना तारीख आणि वेळ लिहा आणि गरज संपल्यावर तसे कळवा. नाहीतर महिनाभर फोन येत राहतात.

सख्ख्या नातेवाइकाचेच रक्त चांगले, हा गैरसमज आहे. कॅन्सरच्या मुलांमध्ये जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमुळे क्वचित गंभीर गुंतागुंत होऊ शकते, आणि पुढे बोन मॅरो प्रत्यारोपण करायचे असेल तर घरच्यांचे रक्त टाळतात. कोणाचे रक्त बाळाला द्यायचे हे रक्तपेढीला आणि डॉक्टरांना ठरवू द्या. तुमचे रक्त दुसऱ्या रुग्णाच्या कामी आले तरी ते वाया गेलेले नसते.

पैसे आणि कागदपत्रे

हे काम आई-वडिलांकडून सर्वात आधी काढून घ्या. घरातील शांत डोक्याच्या एका व्यक्तीने पहिल्याच दिवशी पुढील गोष्टी पाहाव्यात:

• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. महाराष्ट्रात या योजनांतून ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का ते पाहा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा. उपचार कॅशलेस असतात आणि त्यासाठी आधी मंजुरी लागते. सगळे बिल भरून झाल्यावर चौकशी केली तर उशीर होतो. हेल्पलाइन १५५३८८.
• धर्मादाय रुग्णालय. ट्रस्टच्या नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी या कार्यक्रमात होते. जन्मजात हृदयदोषासारख्या काही आजारांवरील पुढील उपचारांसाठीही मदत मिळते. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.
• मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय मदत कक्षाकडे अर्ज करता येतो.

तुम्ही स्वतः पैसे देणार असाल तर ते मदत आहेत की उसने, हे देतानाच स्पष्ट सांगा. नंतर त्यावरून नाती तुटतात. वर्गणी गोळा झाली तर जमा-खर्च एकाच वहीत लिहा आणि पावत्या फाइलला लावा.

बाहेरगावाहून मोठ्या शहरात आल्यास

कॅन्सरसारखा उपचार अनेक महिने चालतो, आणि बरीच कुटुंबे विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून मुंबईला येतात. रोज लॉजचे भाडे परवडत नाही. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे रुग्ण व नातेवाइकांची अल्प दरात सोय होते. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये मोफत राहता येते, मात्र तिथे हॉस्पिटलच्या शिफारशीने जावे लागते. जागा मर्यादित असतात, म्हणून समाजसेवा विभागात लवकर नाव द्या. कॅन्सर, थॅलेसेमिया, हृदयशस्त्रक्रिया अशा काही रुग्णांना व सोबत्याला रेल्वेत भाडेसवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचे प्रमाणपत्र लागते.

त्या शहरात तुमच्या ओळखीचे कोणी असेल तर त्यांचा नंबर द्या, आणि त्यांनाही आधी कळवून ठेवा.

घरी राहिलेली भावंडे

सगळ्यांचे लक्ष आजारी मुलाकडे असते आणि सहा वर्षांचा दादा आजीकडे गप्प बसलेला असतो. साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांना आपल्या मनातल्या विचाराने गोष्टी घडतात असे वाटते. "मी तिला ढकललं होतं, म्हणून ती आजारी पडली" असे तो मनात धरून बसू शकतो. त्याला न विचारता स्पष्ट सांगा: "हे तुझ्यामुळे झालेलं नाही. कोणामुळेच झालेलं नाही."

आजाराचे नाव साध्या शब्दांत खरे सांगा. "ताई गावाला गेली" असे सांगू नका. मुलांना खोटे कळते आणि भीती वाढते. शाळा, जेवण, झोप यांच्या वेळा शक्यतो त्याच ठेवा. रोज ठरलेल्या वेळी आईशी व्हिडिओ कॉल करून द्या. अंथरूण ओले करणे, पोटदुखी, हट्ट, अभ्यासात मागे पडणे ही ताणाची लक्षणे असू शकतात. रागावू नका, आणि ती टिकली तर डॉक्टरांना दाखवा.

घरी सोडल्यानंतर मदत थांबवू नका

डिस्चार्ज झाला की फोन कमी होतात, पण काम वाढते. औषधांच्या वेळा, तपासण्या, पुन्हा दाखल होणे चालूच असते. केमोथेरपी घेणाऱ्या मुलाच्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावे:

• ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर ती इमर्जन्सी आहे. सकाळची वाट पाहू नका. उपचार करणाऱ्या हॉस्पिटलला फोन करून लगेच निघा. त्यांना विचारल्याशिवाय तापाचे औषध देऊ नका, दंडावर-कमरेवर इंजेक्शन घेऊ नका. रात्री दोनला गाडी काढू शकेल अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. तुम्ही त्यातले एक व्हा. गाडी नसेल तर १०८.
• कांजिण्या किंवा गोवर झालेल्या कोणाशी संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
• घरातील इतर मुलांना पोलिओचे तोंडी थेंब देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.
• बारसे, लग्न, जत्रा अशा गर्दीत येण्याचा आग्रह करू नका.

मूल वाचण्याची शक्यता कमी असेल तेव्हा

कधी कधी डॉक्टर सांगतात की आता आजार बरा होणार नाही. अशा वेळी वेदना, धाप आणि भीती कमी करणारे उपचार शेवटपर्यंत करता येतात. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ते घेणे म्हणजे मुलाला सोडून देणे नव्हे. आई-वडिलांनी घेतलेल्या निर्णयावर, मग तो व्हेंटिलेटरचा असो की घरी नेण्याचा, नातेवाइकांनी मत लादू नये. तो निर्णय घेऊन त्यांना आयुष्यभर जगायचे असते.

मूल गेले, तर "देवाला आवडलं", "अजून लहान आहात, दुसरं होईल" असे म्हणू नका. त्या मुलाच्या जागी दुसरे येत नसते. तेराव्यानंतरही जात राहा. त्याचा वाढदिवस लक्षात ठेवा आणि त्या दिवशी फोन करा. त्याचे नाव घ्यायला घाबरू नका. नाव घेतल्याने आई रडेल, पण ती विसरलेली नव्हतीच.

आई-वडिलांना डॉक्टरांची गरज कधी लागते?

संधी मिळूनही अनेक रात्री झोप न लागणे, जेवण पूर्ण सुटणे, सतत छातीत धडधडणे, दारू वाढणे, स्वतःला दोष देत राहणे अशी लक्षणे दिसली तर त्यांना घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे या. "जगून काय करू" असे कोणी बोलले तर ते मनावर घ्या, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

थोडक्यात

• एक काम निवडा, ते नाव घेऊन सांगा आणि निभवा.
• आजारी असताना भेटायला जाऊ नका, आणि बाळाला विचारल्याशिवाय काही देऊ नका.
• योजनांची चौकशी पहिल्या दिवशी करा.
• घरच्या भावंडाला वेळ द्या.
• डिस्चार्जनंतर, आणि दुर्दैवाने मूल गेले तर त्यानंतरही, जात राहा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक मुलाचा आजार वेगळा असतो, म्हणून त्याच्या उपचारांबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्लाच पाळावा.